कोपऱ्यावरच्या प्लॉटची भिंत

शेजाऱ्याने आठ फूट चढवली म्हणून आपणही चढवावी का, असं तुम्ही विचारलंय. सरसकट नाही. मुंबई वगळता राज्यातल्या बहुतेक शहरांना लागू असलेल्या 2020 च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत (बांधकामाचे सरकारी नियम) कंपाउंड वॉल दीड मीटरपर्यंतच धरली आहे. 2.4 मीटरची, म्हणजे जवळपास आठ फुटांची, परवानगी मिळते, पण वरचा 0.9 मीटर भाग जाळीचा किंवा ग्रिलचा हवा.

उंची मोजतात समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेपासून. मुरूम टाकून प्लॉट दोन फूट उचलला असेल, तर आतून भिंत जेमतेम तीन फूट दिसेल. बांधकाम ठेकेदार हे आधी सांगत नाहीत.

तुमचा प्लॉट कोपऱ्यावर, म्हणजे वळणापासून दोन्ही बाजूंना 10 मीटरपर्यंत पक्की भिंत फक्त 0.75 मीटर, वर रेलिंग. ही अट कृपा करून पाळाच. सायकलवरचं पोर वळणावर गाडीवाल्याला दिसतं ते त्या रेलिंगमधूनच.

आणि पाया खणण्याआधी भूमी अभिलेख कार्यालयातून हद्द कायम मोजणी (प्लॉटची हद्द नक्की करणारी सरकारी मोजणी) करून घ्या, शेजाऱ्यांना समोर उभं करून. जुन्या तारेच्या कुंपणावर विसंबू नका.