हिरवा चुडा खाकी दिसला तर चालेल का? लग्नाचा फोटोग्राफर निवडताना शैली बघायची की माणूस?

गंगापूररोडची

तुळशीचं लग्न झालं की पुढच्या पंधरवड्यात माझा नंबर. लॉन नाशिकच्या गंगापूर रोडवरचं, मुहूर्त दुपारी १२:३४. हॉल, केटरिंग, गुरुजी सगळं ठरलं, पण फोटोग्राफरवरून घरात दोन तट पडलेत.

मला आवडलाय तो कँडिडवाला, पोज न देता नकळत फोटो टिपणारा. त्याचे फोटो फिकट, मऊ, निफाडच्या थंडीतल्या सकाळसारखे. बाबांना हवेत मेन रोडजवळ स्टुडिओ असलेले काका. आमच्या घरातले सगळे पासपोर्ट फोटो, मुंजी, ताईचं लग्न त्यांनीच केलंय. ताईच्या करिज्मा अल्बमात (डिझाइन करून पानंच छापतात तो) तिचा चेहरा बदामात कापून धबधब्यावर चिकटवलाय. ती आजही तो अल्बम पाहुण्यांसमोर काढत नाही.

माझं मत सरळ आहे. फोटोग्राफर निवडायचा तो शैलीवर. त्याची नजर आपल्याला पटत नसेल तर ओळख, घरोबा, सूट याला काही अर्थ नाही. बाबा म्हणतात, "फोटो ओळखू आले म्हणजे झालं." बोला.

रविवारकारंजा

बाबांच्या बाजूने माझं मत.

मावसबहिणीच्या लग्नात असाच नजरवाला आणला होता. सहाशे फोटो दिले. त्यात मोगऱ्यावर ठेवलेल्या अंगठ्या, झुंबर, नवरदेवाच्या कोल्हापुरी चपला, मेंदीचे हात, परत चपला. मोठ्या आत्याचा एकही धड फोटो नाही. एकात त्या आहेत, पण मागे, धूसर, जिलबी खाताना. पुढच्या वर्षी आत्या गेल्या. हार घालायला फोटो शोधला तर शेवटी आधार कार्डावरचा मोठा करावा लागला.

स्टेजवर ओळीने उभं करून फ्लॅश मारणाऱ्याला हसा खुशाल. पण तो नाव पुकारून माणसं बोलावतो, "पाथर्डीची मंडळी या, आता मामाकडचे." कोण आलं होतं याची ती नोंद असते. बाकी हौस.

कॅमेऱ्यामागचा

मी चौदा वर्षं याच धंद्यात आहे, नाशिकमध्येच. दोघांचंही अर्धं पटलं नाही.

ताई, तुम्हाला जी शैली आवडली ती बरीचशी प्रीसेट असते, म्हणजे एका क्लिकवर लागणारं रंगांचं तयार सेटिंग. फिकट लूकसाठी सॉफ्टवेअरमध्ये हिरव्या रंगातली जान काढतात आणि पिवळा मोहरीकडे ढकलतात. रिसॉर्टवरच्या पांढऱ्या फुलांच्या लग्नात ते छान दिसतं. आपल्याकडे नवरीच्या हातात हिरवा चुडा, अंगाला हळद, कपाळाला कुंकू. तेच प्रीसेट लावलं की चुडा पोलिसांच्या वर्दीसारखा खाकी, हळद मोहरीच्या चटणीसारखी आणि कुंकू तपकिरी. मला एका नवरीच्या आईने विचारलं होतं, "चुडा कुठला भरला होता हो, आम्ही तर हिरवाच आणलेला!" तो फोटो माझाच होता, शरमेने सांगतो. तेव्हापासून विधींच्या फोटोंना मी प्रीसेट लावत नाही.

दुसरं, १२:३४. सूर्य डोक्यावर. मांडवाचं कापड केशरी असेल तर त्यातून गाळून येणारा उजेड सगळ्यांना कावीळ झाल्यासारखं रंगवतो. त्यात डेकोरेटरने जांभळे एलईडी लावले तर एक गाल केशरी, एक जांभळा, आणि तो नंतर कुठल्याच सॉफ्टवेअरने नीट होत नाही. इन्स्टाग्रामवर दिसतात ते संध्याकाळी पाचच्या उन्हातले फोटो. तुमचं लग्न पाचला नाही.

म्हणून पोर्टफोलिओ बघू नका. एक पूर्ण लग्न मागा, दुपारच्या मुहूर्ताचं, मांडवातलं. पहिल्या फोटोपासून शेवटच्यापर्यंत. चाळीस लग्नांतले चाळीस चांगले फोटो कोणाकडेही असतात. एका लग्नातले चारशे बरे फोटो असणारा खरा.

गंगापूररोडची

चुड्याचा मुद्दा लागला, खरंच. पण दादा, थोडं जास्त होतंय. मला फिकट आवडतं म्हणजे मला आपले रंग नकोत असं नाही. ताईच्या अल्बमात रंग आहेतच की, इतके की डोळे दुखतात. सगळ्यांचे चेहरे फ्लॅशने पांढरे आणि मागे काळोख. तीही एक शैलीच झाली ना? "साधा फोटो" असं काही नसतंच. फक्त काकांच्या शैलीला कोणी शैली म्हणत नाही, कारण ती सगळ्यांच्या घरात आहे.

कॅमेऱ्यामागचा

हे मान्य. फ्लॅश थेट तोंडावर मारला की तसंच होतं. छताकडे किंवा बाजूच्या भिंतीकडे वळवून मारला तर चेहरा मऊ येतो. पण लॉनवर छत कुठून आणायचं, म्हणून काका थेट मारतात. आळसही असतो, खोटं कशाला बोलू.

निफाडकर

मुख्य विषय तुम्ही मिटवा, मी फक्त प्री-वेडिंगवाल्यांसाठी लिहितो. दर वर्षी ऑक्टोबरात कोणीतरी फोन करतं, "द्राक्षाच्या बागेत शूट करायचंय, घड लटकलेले पाहिजेत." अहो, तेव्हा आमची छाटणी चालू असते. बागेत काड्या असतात. मण्यात पाणी उतरतं ते नवीन वर्ष लागल्यावर. आणि फवारणी चालू असताना त्या लांब घेराच्या गाऊनमध्ये मुलगी ओळीतून पळवायची? आम्हीच नाही म्हणतो.

फोटोग्राफर नाशिकचा असेल तर त्याला हे माहीत असायला हवं. रामकुंडाचंही तेच. एका बाजूला कोणी अस्थी सोडतंय आणि चार पायऱ्या वर नवरा-नवरी कपाळाला कपाळ लावून उभे. ज्याला तिथे कॅमेरा खाली घ्यावासा वाटत नाही, तो मांडवात काय करणार ते मी सांगायला नको.

सूनबाई_सिडको

निफाडकर दादांनी जाता जाता खरा मुद्दा सांगितला. शैली नाही, रंग नाही, माणूस वागतो कसा ते बघा.

माझ्या लग्नात शेवटचं मंगलाष्टक संपलं, "सावधान" झालं, अंतरपाट खाली आला, अक्षता पडल्या. मी ह्यांच्याकडे बघणार एवढ्यात आवाज आला, "गुरुजी, एक मिनिट, पाट परत धरा, मला अँगल नाही मिळाला." आणि गुरुजींनी परत धरला! लोकांच्या हातातल्या अक्षता संपलेल्या. दुसऱ्यांदा पाट खाली आला तेव्हा मामेभावाने फुलांच्या पाकळ्याच फेकल्या. फोटो अप्रतिम आलाय, हॉलमध्ये लावलाय, येणारा जाणारा कौतुक करतो. मला त्यात माझं ते हसणं दिसतं, जे मी "हसा ताई" म्हटल्यावर हसले होते.

तो मुलगा कँडिडवालाच होता, बरं का. कँडिडचे पैसे वेगळे घेतले होते.

आडगावनाका

दोघंही बोलवा. विषय संपला.

कॅमेऱ्यामागचा

संपत नाही हो. दोन टीम म्हणजे स्टेजवर चार कॅमेरे, दोन व्हिडिओवाले, दोन लाइट धरणारी पोरं. कँडिडवाल्याच्या प्रत्येक फोटोत ट्रॅडिशनलवाल्याची पाठ. वऱ्हाडाला नवरी दिसत नाही ती नाहीच. करायचंच असेल तर दोघांना आधी एकत्र चहाला बसवा आणि अंतरपाटाच्या वेळी उजवीकडे कोण, डावीकडे कोण ते ठरवून घ्या.

वधूपिता

गेल्या वर्षी मुलीचं केलं. तुम्ही सगळे नजर, रंग, वागणूक यात रमलात. मी कागदाचं बोलतो, कारण रडायची वेळ तिथेच येते.

कोटेशनवर "दोन दिवस" लिहिलं होतं. हळद तिसरा दिवस निघाला, त्याचे वेगळे. अल्बम सहा महिन्यांनी आला. ज्या पोराचं काम बघून ठरवलं तो आलाच नाही, त्याच्याकडचा दुसरा आला. तेव्हा कोण येणार त्याचं नाव कागदावर घ्या. कॅमेऱ्यात एकाच वेळी दोन कार्डांवर फोटो उतरतात का ते विचारा. एक कार्ड गेलं तर सप्तपदी परत घेता येत नाही.

फोटो कोणाचे, हाही प्रश्न आला. माझ्या मुलीचा विदाईतला रडतानाचा फोटो न विचारता त्यांच्या पेजवर गेला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ असं आहे की पैसे देऊन आपण काढून घेतलेल्या फोटोचे पहिले मालक आपण, वेगळा करार नसेल तर. तो वेगळा करार कोटेशनच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात होता आणि खाली सही माझीच.

आणि ड्रोन. त्या लॉनवर उडवायला परवानगी लागते का, हे डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलच्या नकाशावर आधी बघायला सांगा. देवळालीला लष्कर, ओझरला विमानतळ. "सगळे उडवतात" हे उत्तर मी तरी दोनदा ऐकलं.

रविवारकारंजा

कागद बरोबर. पण काकांकडे कागद लागत नाही, हेही लिहा की.

वधूपिता

लागतो. ओळखीत तर जास्तच लागतो. ओळखीच्या माणसाशी भांडता येत नाही.

गंगापूररोडची

आठवड्याने लिहितेय. दोघांकडे पूर्ण लग्न मागितलं.

काकांनी तिथल्या तिथे पेनड्राइव्ह दिला, सोळाशे फोटो. स्टेजवरचे सातशे, एकच पोज, फक्त माणसं बदलतात. पण पंगतीतले फोटो बघून मी गप्प झाले. विहिणीला उखाण्याचा आग्रह चाललाय, वाढपी हातात बासुंदीचं भांडं घेऊन ताटकळलाय, सगळ्यांच्या नजरा तिच्या तोंडाकडे. असे फोटो काका काढतात हे मला माहीतच नव्हतं. अल्बमात ते जात नाहीत, कारण "तिथे गिऱ्हाईक चेहरे मोजतं," म्हणाले.

कँडिडवाल्याने आधी टाळलं. मग दिलं ते संध्याकाळच्या मुहूर्ताचं. दुपारचं मागितलं तर चार दिवसांनी दाखवलं. मंगलाष्टकांचे फोटो कावीळवाले, अगदी दादा म्हणाले तसे. पण तो स्वतःच म्हणाला की डेकोरेटरला पांढरं कापड लावायला सांगाल तर मी जबाबदारी घेतो. अंतरपाट परत धरायला लावणार का, असंही विचारलं. तो म्हणाला, चुकला तर चुकला. तिथे मला तो पटला.

ठरला तोच. विधींच्या फोटोंना प्रीसेट नाही, पांढरं कापड, कागदावर त्याचं स्वतःचं नाव. काका पाहुणे म्हणून येणार आहेत आणि कॅमेरा आणू का विचारत होते. बाबा लगेच हो म्हणाले, म्हणजे चहाला बसवायचं कामही माझ्याकडे आलं.

बाबांनी स्टेजवरच्या फोटोंची यादी केलीय. ४१ कुटुंबं. त्यातली तीन कोण आहेत हे आईलाही माहीत नाही.

रविवारकारंजा

यादीत म्हाताऱ्या माणसांना जेवणाआधी घे. जेवल्यावर ती थांबत नाहीत.