शाळा उघडल्या तेव्हा तुमचं काय झालं? शिक्षक-कर्मचाऱ्यांनी लिहा

राज्याने कोरोनामुळे बंद असलेले नववी ते बारावीचे वर्ग 23 नोव्हेंबर 2020 पासून सुरू करा म्हटलं, आपल्या नागपूर शहरात ते 4 जानेवारीवर गेलं. मुलांबद्दल भरपूर बोलून झालं, आपल्याला कोणी विचारलंच नाही, म्हणून हा धागा. माझ्यापासून सुरुवात करते. रुजू होण्याआधी आरटीपीसीआर कम्पलसरी, मी तीन तास लाईनमध्ये, मागेपुढे खोकणारे लोक आणि घरी सासूबाई 74 वर्षांच्या, त्यात शुगर. रिपोर्ट निगेटिव्ह आला, पण त्या लाईनमध्येच लागला असेल तर? आठ दिवस वरच्या खोलीत झोपले, मुलगी ताट दाराशी ठेवून जायची.

---

गणित शिकवतो, सक्करदऱ्याकडे. मास्क लावून मागच्या बाकापर्यंत आवाज जात नाही, मग नकळत मास्क खाली ओढला जातो आणि स्वतःचाच राग येतो. अर्धा वर्ग आज अर्धा उद्या, संध्याकाळी ऑनलाईनवाले, म्हणजे एकच धडा तीनदा. घसा बसला की बायको ऑक्सिमीटर काढायची.

---

मी शिपाई आहे मॅडम. फवारणीचा पंप माह्या पाठीवर, त्या औषधानं डोळे चुरचुरत, हातमोजे एकच जोडी दिली ते आठ दिवसात फाटले. गेटवर थर्मल गन घेऊन बी मीच उभा. पोराले ताप निघाला तं मायबाप येईपर्यंत त्याच्याजवळ बसाले कोण? मीच. लेकरू घाबरून जाते, त्याले एकटं कसं सोडाचं.

---

विनाअनुदानितवर आहे, अर्धा पगार चालू होता, त्यामुळे भीती वाटते म्हणायची सोयच नव्हती. सहावा महिना होता मला. घरून क्लास घेते असा अर्ज दिला तर उत्तर आलं की मग रजा बिनपगारी. गेले शाळेत.

---

आमचे विज्ञानाचे सर एप्रिल 2021 मध्ये गेले. 44 वर्षांचे. लस तेव्हा 45 च्या वरच्यांना होती, शिक्षक म्हणून वेगळा नंबर नव्हता. आदल्या वर्षी 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'चा सर्व्हे आम्ही दोघांनी मिळून केला, घरोघरी ताप मोजत फिरलो, तेव्हा आमची गरज होती. यापेक्षा जास्त लिहवत नाही.

---

विनाअनुदानितवाल्या ताई, शाळेचं नाव नका लिहू, पण बाळ कसं आहे?

---

मुलगी आहे, छान आहे. मला सातव्या महिन्यात कोविड झाला होता.