अमरिलिसला पानंच पानं, दांडा काही येत नाही. मदत हवी आहे

कुंडीत लाल अमरिलिस आहे, बरेच जण नुसती लिलीच म्हणतात ती. मागच्या हंगामात दांड्यावर चार फुलं आली होती, यंदा नुसती पानं. पानं मात्र हिरवीगार, कीड नाही. कंदाला पिल्लंही बरीच फुटलीत. सकाळचं थोडं ऊन मिळतं. शेणखत घालते, अधूनमधून युरिया.

एक जण म्हणतात पानं छाटून कंद उपटून ठेवा, दुसरे म्हणतात हातही लावू नका. कोणाचं ऐकू? कुंडी मोठी घेऊ का? आणि मांजराला पानं चघळायची खोड आहे, त्याचंही सांगा.

प्रतिसाद: युरिया आधी बंद करा. त्यातल्या जास्त नत्राने (नायट्रोजनने) पानं माजतात, फुलं मागे पडतात. पालाश (पोटॅश) जास्त असलेलं खत द्या आणि ऊन वाढवा; माझ्या मते खरी अडचण उन्हाचीच आहे.

हिरवी पानं छाटू नका. ती अन्न बनवतात, ते कंदात साठतं आणि फुलोरा आतच तयार होतो, साधारण दर चार पानांमागे एक. वाढीचा हंगाम संपला की पाणी तोडा. पानं पिवळी पडून वाळली की मगच कापा. कंद कुंडीतच ८ ते १० आठवडे कोरडा राहू द्या, उपटायची गरज नाही. नंतर पाणी सुरू करा, पण दांडा दिसेपर्यंत बेताने.

मोठी कुंडी नको, हिला दाटी आवडते. कंद आणि काठ यांत दोन बोटं जागा पुरे. कंदाचा वरचा एक तृतीयांश भाग मातीबाहेर हवा. पिल्लं या विश्रांतीनंतर, माती बदलताना सोडवा. ती फुलायला काही वर्षं लागतात, घाई करू नका.

प्रतिसाद: मांजराबद्दल: अमरिलिस विषारीच, कंद सर्वांत जास्त. लाळ गळते, उलट्या होतात. कुंडी उंचावर टांगा. आणि लिलियम (खरी लिली, तुमची अमरिलिस नव्हे) किंवा डे-लिली घरात आणूच नका. अंगावरचे परागकण चाटले तरी मांजराची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. मांजराने असं काही चाटलं तर लक्षणांची वाट न बघता लगेच पशुवैद्याकडे न्या.

मूळ प्रश्नकर्ती: आभार! युरिया आजपासून बंद. पण इतके आठवडे पाणी नाही, तर कंद मरणार नाही ना?

प्रतिसाद: नाही मरत. मधूनमधून दाबून बघा. टणक लागला तर उत्तम. मऊ पडला तर कुजतोय, मग मात्र काढून सडका भाग कापावा लागेल.