'आभारपत्र' म्हणावं की नुसती 'पोच'?

निळी शाई
आईच्या ऑपरेशननंतर बरेच दिवस आमच्याकडे डबे येत होते. शेजारच्या काकू, आत्या, आईच्या भजनी मंडळातल्या दोघीजणी. आता प्रत्येकीला हाताने चार ओळी लिहून द्यायच्या आहेत, व्हॉट्सॲपवर नाही. पण पहिल्याच ओळीला अडले. 'आपले मनःपूर्वक आभार' लिहिलं की सोसायटीच्या वार्षिक सभेचं इतिवृत्त वाटतं. 'धन्यवाद' कोरडं. शिवाय काकू म्हणणारच, "आभार मानून परकं केलंस होय गं!" तर अशा चिठ्ठीला मराठीत म्हणतात काय? आणि आभार, धन्यवाद, ऋणी, कृतज्ञ यांतलं कुठे काय चालतं?

तपासनीस
दुसरा प्रश्न आधी घेतो. आभार मानतात, धन्यवाद देतात. 'धन्यवाद मानले' सर्रास छापून येतं, पण धन्यवाद म्हणजे समोरच्याला 'धन्य' म्हणणं. ते बोलून दाखवायचं असतं. 'आभार' मराठीत अनेकवचनी, म्हणून 'तुमचे आभार'. 'तुमचा आभार' हे हिंदीचं वळण. आणि 'मनःपूर्वक'मधला विसर्ग कृपा करून खाऊ नका.

'कृतज्ञ' म्हणजे केलेलं जाणणारा. गंमत अशी की बोलण्यात 'कृतघ्न' जास्त भेटतो, भावकीच्या भांडणात तर हमखास. 'कृतज्ञ' मात्र सत्कार समारंभात आणि मानपत्रात. काकूंना तो जड होईल. 'जाण' तेच काम घरगुती आवाजात करते: 'तुम्ही केलंत त्याची आम्हाला जाण आहे.'

'ऋणी' जपून वापरा. "मी त्यांचे आभार मानणार नाही, त्यांच्या ऋणातच राहणे पसंत करीन" हे वाक्य व्यासपीठावरून इतक्यांदा ऐकलंय की ते ऋण केव्हाच बुडीत खाती गेलं.

जुनी पानं
'उतराई' राहिला की! तुकोबा संतांविषयी म्हणतात, 'काय द्यावें त्यांसी व्हावें उतराई'. म्हणजे 17व्या शतकात तो रुळलेला होता. लक्षात घ्या, उतराई 'होतात', 'करत' नाहीत. आणि शब्द येतो तो बहुतेक प्रश्नात नाहीतर नकारात: 'कशी उतराई होऊ', 'उतराई होणं शक्य नाही'. 'झाले बाई एकदाची उतराई' असं कुणी लिहीत नाही, लिहू नयेच. 'पांग फेडणे' आईवडिलांसाठी राखून ठेवा. दुधीच्या भाजीसाठी पांग काढलेत तर काकू घाबरतील.

मांडवीकाठी
आमच्याकडे गोव्यात कोंकणीत 'देव बरें करूं' म्हणतात. घेणारा स्वतःबद्दल काही बोलतच नाही, देणाऱ्याचं भलं चिंततो. मराठीतलं 'देव तुझं भलं करो' मात्र वडीलधाऱ्यांच्या तोंडी शोभतं. भाचीने आत्याला लिहिलं तर उलटाच आशीर्वाद व्हायचा.

टपालपेटी
पहिल्या प्रश्नाला कुणी हात लावला नाही. 'आभारपत्र' शब्द बरोबर आहे, पण तो संस्थेने देणगीदाराला पाठवायचा कागद. घरगुती पत्रव्यवहारात अशा चिठ्ठीला वेगळं नावच नव्हतं. जुनी घरची पत्रं काढून बघा. वर 'कृ. सा. न. वि. वि.', म्हणजे कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष. (या 'कृता'चा कृतज्ञतेशी संबंध जोडू नका, 'केलेले अनेक नमस्कार' एवढाच अर्थ.) मग क्षेमकुशल, शेवटी 'लोभ असावा'. मधे 'आभार' क्वचितच सापडेल.

ते काम 'पोच' करायची. आपल्याकडे पोस्टकार्ड 1 जुलै 1879 पासून पाव आण्याला मिळू लागलं. जागा तळहाताएवढी, त्यात पोस्टमनपासून घरमालकापर्यंत कुणीही वाचणार. तिथे भावनेचा विस्तार कोण करतो? लोक पोच लिहायचे: 'लाडू पोचले. एकही फुटला नाही. धाकट्याने दोन लपवून ठेवले होते.' ज्या घरून लाडू गेले तिथे हे कार्ड मोठ्याने वाचलं जायचं आणि 'लपवून ठेवले'शी हसू यायचं. आभाराचं सगळं त्यात येऊन गेलं.

म्हणून निळी शाई, तुम्ही पोच लिहा. 'काकू, तुमचा मऊ भात आणि मेतकूट खाऊन आई त्या आठवड्यात पहिल्यांदा पोटभर जेवली.' प्रत्येकीच्या डब्यातलं काय संपलं, कोणी चाटून-पुसून खाल्लं, ते लिहा. मजकूर चौघींना वेगवेगळा होईल, आणि हाताने लिहायचं कारणही तेच. एकच वाक्य चारदा उतरवायचं तर छापील कार्ड काय वाईट?

शिवाय 'पोच'चा दुसरा अर्थ आहेच. 'त्याला पोच नाही' म्हणजे कुठे काय करावं ते कळत नाही. दिल्याघेतल्याची पोच न देणाऱ्याबद्दल हे दोन्ही अर्थांनी खरं, ही कोटी मला आवरत नाही.

तपासनीस
पोच पटली, पण 'आभार शब्द नकोच' हे पटत नाही. 'परकं करू नकोस' हे ज्याने केलं त्याने म्हणायचं. ज्याला मिळालं त्याने ते आधीच गृहीत धरून गप्प बसणं म्हणजे सोय बघणं. आपल्या घरांतून बायकांनी वर्षानुवर्षं डबे भरले, कुणी कधी एक शब्द लिहून दिला? पोच सविस्तर द्या, आणि शेवटच्या ओळीत सरळ 'तुमची आभारी आहे' लिहा. काकू रागावल्या तर रागावू देत. चिठ्ठी जपून ठेवतील.

टपालपेटी
मान्य. पण शेवटच्या ओळीत, पहिल्या नाही.

निळी शाई
लिहायला बसले. जाता जाता: 'पोच' की 'पोहोच'?

तपासनीस
दोन्ही चालतात, दोन्ही स्त्रीलिंगी. कचेरीत अर्जाची 'पोहोच' मिळते, घरच्या पत्रात 'पोच' बरी. 'पोहच' मात्र नको. आणि टपालपेटींच्या कोटीसाठी 'पोच'च हवी, कारण 'त्याला पोहोच नाही' असं कुणी म्हणत नाही.