भावाचा आजार आणि आईची झोप

प्रश्न (परभणी): थोरल्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. औषधे चालू असली तरी रात्री तो निघून जाईल या धास्तीने आई उंबऱ्याशीच अंथरूण टाकते, आणि लग्नकार्याला जाणे तर तिने केव्हाच सोडले आहे. तिचे दुखणे कोणाला सांगावे?

उत्तर (लातूर): रात्रीची पाळी आजच वाटून घ्या. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार तज्ज्ञांना भेटताना आईंनाही सोबत न्या आणि त्यांच्याविषयी वेगळे बोला. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या विनाशुल्क क्रमांकावर चोवीस तास बोलता येते. तो केवळ रुग्णांसाठी नाही.

उत्तर (बीड): २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश असल्याने, तपासणीत किमान ४० टक्के दिव्यांगत्व ठरल्यास अनेक सवलतींचा मार्ग खुला होतो. आमच्याकडे मात्र ‘बाहेरचे आहे’ म्हणत देवऋषी गाठण्यात चुलत्यांची उसाची बिले गेली, आणि चुलतीला बीपी जडले ते वेगळेच.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. पाळी आजपासून माझी. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठीच्या तपासणीला भाऊ येण्यास तयार नसेल, तर आपण त्याला कसे समजावले असते?