गाभण, फळणे, फलन: प्राण्यांच्या प्रजननाच्या शब्दांविषयी

मूळ प्रश्न (विज्ञान शिक्षिका, इयत्ता आठवी)

प्राण्यांच्या प्रजननाचे प्रकरण शिकवत असताना गेल्या आठवड्यात एका मुलाने वहीत पुढील वाक्य लिहून आणले: "आमची म्हैस गाभण आहे, म्हणजे तिचे फलन झाले आहे, आणि फलन झालेल्या बीजाला गर्भ म्हणतात." हे वाक्य चुकीचे म्हणवत नाही आणि त्यावर बरोबरची खूणही करवत नाही, अशा अवस्थेत मी ती वही दोन दिवस टेबलावर ठेवून दिली. मुलाने घरचा शब्द आणि पुस्तकातला शब्द आपल्या परीने जोडला आहे, तो सांधा नेमका कुठे निसटतो हे मलाच नीट सांगता आले नाही. त्यातच एका संदर्भपुस्तकात 'फलन', दुसऱ्यात 'निषेचन', एकात 'जरायुज' आणि माझ्या वडिलांच्या जुन्या वहीत 'जारज' असे सापडल्यामुळे गोंधळ वाढला. 'प्रजनन' आणि 'पुनरुत्पादन' हे एकच मानावेत का, हाही प्रश्न आहेच. जाणकारांनी कृपया लिहावे.

प्रतिसाद (निवृत्त भाषाशिक्षक)

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो सोपा आहे. जुन्या पुस्तकांतून 'पुनरुत्पादन' हा शब्द सर्रास येत असे. आता 'प्रजनन' रूढ झाला आहे आणि तो अधिक चांगला आहे, असे माझे मत आहे. 'पुनरुत्पादन' म्हटले की तीच वस्तू पुन्हा बनवली असा भास होतो, आणि तो अमिबाच्या द्विविभाजनाला किंवा हायड्राच्या कलिकायनाला एक वेळ चालेल, कारण तिथे एकाच जीवापासून त्याच्यासारखाच दुसरा जीव तयार होतो. दोन जनकांपासून झालेले वासरू मात्र गाईची प्रत नसते आणि वळूचीही नसते. 'पुनर्जनन' मात्र वेगळे ठेवावे. पालीची तुटलेली शेपूट पुन्हा वाढते ते पुनर्जनन खरे, पण त्यातून दुसरी पाल होत नाही, म्हणून ते प्रजनन नव्हे. प्लॅनेरिया या चपट्या कृमीचे तुकडे केल्यावर प्रत्येक तुकड्यापासून पूर्ण प्राणी वाढतो, तिथे तेच पुनर्जनन प्रजननाचे काम करते.

'पैदास' आणि 'वीण' हे बोलीतले दोन शब्द वर्गात आणायला हरकत नाही, पण त्यांचा रोख सांगावा. 'पैदास' फारसीतून आलेला असून आपण तो डासांची पैदास, शेळ्यांची पैदास असा संख्या वाढण्याच्या अर्थाने वापरतो. 'वीण' हा 'विणे' या क्रियापदापासून आला आहे. पक्षिनिरीक्षक 'विणीचा हंगाम' म्हणतात तो हाच. हे 'विणे' हिंदीतल्या 'ब्याना'चे भावंड आहे, त्याचा लोकर विणण्याशी संबंध नाही. शहरातली मुले 'गाय विणली' असे लिहितात तेव्हा डोळ्यांसमोर सुया घेऊन बसलेली गाय उभी राहते. 'गाय विते', 'गाय व्याली', 'व्यायला झालेली गाय' ही रूपे फळ्यावर एकदा लिहून द्यावीत. त्याबरोबर हेही सांगावे की बाईच्या बाबतीत 'बाळंत होणे' किंवा 'प्रसूत होणे' म्हणतात. तिथे 'विणे' वापरले तर तो अपमान होतो, तसेच 'गाभण' जनावरालाच म्हणतात आणि बाई 'गरोदर' असते. जैविक क्रिया सारखीच असली तरी मराठीने शब्द वाटून दिले आहेत.

आता 'फलन' की 'निषेचन'. दोन्ही संस्कृत आहेत आणि दोन्ही एकाच घटनेसाठी वापरतात, ती म्हणजे शुक्रपेशी आणि अंडपेशी यांचा संयोग. मात्र 'निषेचन' 'सिच्' म्हणजे शिंपडणे या धातूवरून आला असल्यामुळे त्यात ओतण्याची क्रिया दिसते, तर 'फलन' या शब्दात त्या क्रियेचे फळ दिसते. संयोग स्वतः दोहोंतही दिसत नाही. तो दिसतो 'युग्म' या शब्दात. युग्म म्हणजे जोडी. जोडीसाठी तयार झालेल्या पेशी ते युग्मक, आणि त्यांच्या युग्मनातून जन्मलेली पहिली पेशी तो युग्मनज. म्हशीच्या शरीरातल्या पेशीत 50 गुणसूत्रे असतात, तिच्या अंडपेशीत 25, रेड्याच्या शुक्रपेशीत 25, आणि युग्मनजात पुन्हा 50. हा हिशेब एकदा करून दाखवला की 'युग्मनज' हा जोडाक्षरांचा डोंगर मुलांना चढता येतो. हिंदी पुस्तकांत 'निषेचन' रूढ आहे, मराठीत 'फलन' ठेवावे. त्याचे एक कारण असेही की आपल्याकडे 'फळणे' आधीपासून आहे.

प्रतिसाद (दूध व्यवसाय करणारे, सांगली जिल्हा)

सरांनी 'फळणे' हा शब्द काढला म्हणून लिहितो, कारण तिथेच गफलत होते. आमच्याकडे 'गाय फळली' म्हणजे तिला वळू दाखवला किंवा रेतन (वळूचे साठवलेले वीर्य गर्भाशयात सोडणे) करून घेतले, इतकेच. फलन झाले की नाही हे त्या दिवशी कोणालाच माहीत नसते. म्हणून 'फळणे' आणि 'फलन' हे दिसायला सारखे असले तरी एक नव्हेत, हे मुलांना आवर्जून सांगावे.

गोठ्यातला क्रम असा आहे. जनावर माजावर येते, म्हणजे फळण्याच्या तयारीत असते. गाईचा माज साधारण 18 तास टिकतो, म्हणून सकाळी माज दिसला तर संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करून घेतात. रेतमात्रेची, म्हणजे गोठवलेल्या वीर्याची, कांडी उणे 196 अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नायट्रोजनमधून काढून कोमट पाण्यात धरतात, मग ती भरतात. त्यानंतर 21 दिवसांकडे लक्ष ठेवायचे. त्या सुमारास पुन्हा माज दिसला तर जनावर 'उलटले'. नाही दिसला तर आशा धरायची, आणि दोन महिन्यांनी पशुवैद्यकाने हात घालून तपासले की मगच आम्ही ठामपणे 'गाभण' म्हणतो. गाभ मध्येच पडला तर ते 'गाभडणे'. दिवस भरले की जनावर विते: गाईला नऊ महिने नऊ दिवस, म्हशीला दहा महिने दहा दिवस असे आमच्याकडे मोजतात आणि ते फारसे चुकत नाही.

आणखी एका शब्दाकडे लक्ष वेधतो. 'भाकड' म्हणजे 'वांझ' नव्हे. भाकड जनावर त्या वेळी दूध देत नसते, एवढाच त्याचा अर्थ. उलट सात महिन्यांच्या गाभण गाईचे दूध आटवून आपण तिला विण्याआधी दोन महिने मुद्दाम भाकड ठेवतो, म्हणजे पोटातल्या वासराला आणि पुढच्या वेताला बळ मिळते. 'वेत' हा शब्दही असाच: 'दुसऱ्या वेताची म्हैस' म्हणजे दोनदा व्यालेली. या एका शब्दात विणे आणि त्यानंतरचे दुभते दिवस दोन्ही येतात, आणि बाजारात किंमत याच शब्दावर ठरते. पुस्तकात त्याला काय म्हणतात ते मला ठाऊक नाही.

प्रतिसाद (मूळ प्रश्नकर्त्या शिक्षिका)

दादा, आपल्या प्रतिसादामुळे त्या मुलाच्या वाक्यातला पहिला सांधा स्पष्ट झाला. फलन काही तासांत अंडवाहिनीत होते, गर्भाशयातही नव्हे, आणि 'गाभण' ही दहा महिन्यांची अवस्था आहे. घटना आणि अवस्था यांत त्याने बरोबरीचे चिन्ह घातले होते. शिवाय फलन अंडपेशीचे होते, म्हशीचे नव्हे. दुसरा सांधा 'गर्भ' या शब्दाचा राहिला. युग्मनज, भ्रूण आणि गर्भ यांत रेघ कुठे ओढावी?

प्रतिसाद (निवृत्त भाषाशिक्षक)

युग्मनज एकपेशीय असतो. त्याचे विभाजन सुरू झाल्यापासून अवयवांची मांडणी होईपर्यंत भ्रूण, आणि अवयव ओळखू येऊन पुढे केवळ वाढ होत राहते तेव्हा गर्भ, अशी शास्त्रीय वाटणी आहे. माणसात ही रेघ आठव्या आठवड्याच्या शेवटी मानतात, गाईत साधारण दीड महिन्यावर. बोलण्यात मात्र आपण ही रेघ पाळत नाही. 'स्त्रीभ्रूणहत्या' हा शब्द ज्या टप्प्यासाठी वापरतात तो बहुतेक वेळा भ्रूणाचा टप्पा ओलांडून गेलेला असतो, आणि तरीही तो शब्द बदला असे मी म्हणणार नाही, कारण कायदा, वृत्तपत्रे आणि लोक यांनी तो पक्का केला आहे. वर्गात मात्र रेघ पाळावी.

प्रतिसाद (किनारपट्टीवरील वाचक, रायगड जिल्हा)

'गाभ'वरून आमच्याकडची 'गाभोळी' आठवली. माशाच्या पोटातली अंड्यांची पिशवी म्हणजे गाभोळी; तव्यावर परतली की रवाळ लागते, हे खाणाऱ्यांना सांगायला नको. नाव 'गाभ'वरून पडले असले तरी त्यात गर्भ नसतो. बहुतेक माशांची मादी अंडी पाण्यात सोडते, नर त्यावर शुक्रपेशी सोडतो, आणि फलन बाहेर पाण्यातच होते. म्हणजे गाभोळीतली अंडी अफलित असतात. बाह्य फलन शिकवायला किनाऱ्यावरच्या शाळेत याहून जवळचे उदाहरण मिळणार नाही. पहिल्या पावसात अंड्यांनी भरलेले मासे ओढ्यातून उलटे चढत भातखाचरांत येतात, त्यांना 'चढणीचे मासे' किंवा 'वलगणीचे मासे' म्हणतात. तेही अंडी घालायलाच वर येतात, आणि नेमके तेव्हाच लोक ते पकडतात, ही आमची जुनी खोड आहे.

शिंगाळ्याची गोष्ट निराळीच आहे. त्याची अंडी चांगली गोटीएवढी असतात, आणि फलनानंतर नर ती तोंडात घेऊन पिल्ले बाहेर येईपर्यंत सांभाळतो. मुशी त्याहूनही निराळी. ती शार्क जातीची आहे. आमच्या आईने एकदा मुशी साफ करायला घेतली तेव्हा पोटात बोटाएवढी पिल्ले निघाली आणि प्रत्येकाला नाळ होती. आई म्हणाली, "ही मेली म्हशीसारखी विते." तेव्हापासून मासे अंडी घालतात हे वाक्य मी 'बहुतेक' लावल्याशिवाय म्हणत नाही.

प्रतिसाद (निवृत्त भाषाशिक्षक)

आपल्या मातोश्रींचे निरीक्षण अचूक आहे, आणि ते आपल्याला 'जरायुज'पाशी आणून सोडते. जरायु म्हणजे गर्भाला वेढणारे आवरण, वार. प्राचीन वर्गीकरणात जीवांच्या चार खाणी मानल्या: वारेतून जन्मणारे जरायुज, अंड्यातून जन्मणारे अंडज, घामातून जन्मणारे स्वेदज आणि जमीन भेदून वर येणारे उद्भिज्ज. ऐतरेय उपनिषदात पहिल्या खाणीसाठी 'जारुज' असे रूप आहे, आणि आपल्या संतसाहित्यात 'जारज' येतो. तेव्हा ताईंच्या वडिलांनी लिहिलेले चुकीचे नव्हे. गोठ्यातही वारेला 'जार' म्हणतात. जनावर व्याल्यावर जार बारा तासांत पडली नाही तर पशुवैद्यकाला बोलावतात. अडचण अशी की संस्कृतात 'जार' म्हणजे परस्त्रीशी संबंध ठेवणारा पुरुष असाही अर्थ आहे, आणि त्यावरून आजच्या मराठीत 'जारज संतती' म्हणजे विवाहबाह्य संबंधातून झालेले मूल. दोन वेगळ्या शब्दांचे रूप एक झाले. आठवीच्या वर्गात कोणी शब्दकोश उघडला तर भलताच अर्थ हाती लागेल, म्हणून 'जरायुज' हेच रूप वापरावे.

या चार खाणींपैकी 'स्वेदज' विज्ञानाने निकालात काढली. घाणीतून, घामातून, कुजक्या मांसातून जीव आपोआप उपजत नाहीत, हे दाखवण्याची सुरुवात इटलीच्या फ्रान्चेस्को रेडी यांनी 1668 साली केली: उघड्या भांड्यातल्या मांसावर अळ्या झाल्या, जाळीदार कापडाने झाकलेल्या भांड्यातल्या मांसावर झाल्या नाहीत, कारण माशांना तिथे अंडी घालता आली नाहीत. उवा हे स्वेदजांचे ठरलेले उदाहरण असे. गंमत अशी की उवेच्या अंड्याला मराठीत 'लीख' हा स्वतंत्र शब्द होता आणि घरोघरी बायका फणीने लिखा काढून नखावर चिरडत होत्या. शब्द अंडे सांगत होता, वर्गीकरण घाम सांगत राहिले.

'जरायुज'ची मर्यादाही लक्षात ठेवावी. सस्तन म्हणजे जरायुज असे समीकरण मुले मांडतात, पण प्लॅटिपस सस्तन असून अंडी घालतो, आणि मुशी मासा असून वारेसह पिल्ले देते. सापांत नाग, धामण, मण्यार अंडी घालतात, तर घोणस थेट पिल्ले देते, एका वेळी वीस-तीसही. मात्र तिच्या पिल्लांचे पोषण मुख्यत्वे अंड्यातल्या बलकावरच होते, अंडी फक्त आईच्या पोटात राहतात. तिला काही जण 'अंडजरायुज' म्हणतात. शब्द अवजड आहे. 'पिल्ले देणारा साप' म्हटले तरी मुलांना पुरेसे आहे.

प्रतिसाद (मूळ प्रश्नकर्त्या शिक्षिका)

'बलक' शब्द आला म्हणून कालचा प्रयोग नोंदवते. वर्गातल्या बहुतेक मुलांची समजूत अशी होती की पिवळ्या बलकाचेच पिल्लू होते. मी एक गावठी अंडे आणि दुकानातले एक पांढरे अंडे अशी दोन अंडी दोन बशांत फोडली. दोन्हींच्या बलकावर एक लहान पांढुरका ठिपका होता. दुकानातल्या अंड्यावरचा ठिपका बारीक आणि वेडावाकडा होता, तर गावठी अंड्यावरच्या ठिपक्याभोवती फिकट कडे दिसत होते. पिल्लू वाढते ते या ठिपक्यापासून. बलक ही त्याची शिदोरी असते. कोंबड्याशिवाय ठेवलेल्या कोंबड्याही अंडी घालतात, पण ती अफलित असतात, त्यामुळे खुडूक कोंबडीखाली 21 दिवस ठेवली तरी त्यांतून काही निघत नाही. एका मुलीने विचारले, मग अफलित अंड्याला 'अंडज' म्हणायचे का? मी सांगितले की 'अंडज' म्हणजे अंडे नव्हे, तर अंड्यातून जन्मलेला जीव. पक्ष्याला 'द्विज' का म्हणतात, हेही ओघाने आले: एकदा अंड्याच्या रूपाने आणि एकदा अंड्यातून, असे त्याचे दोन जन्म.

म्हशीवाल्या मुलाने आपले वाक्य सुधारून आणले: "आमच्या म्हशीच्या अंडपेशीचे फलन झाले, युग्मनज तयार झाला, त्याचा भ्रूण झाला, आता पोटात गर्भ आहे, म्हणून म्हैस गाभण आहे." मी त्यावर खूण केली. त्याने लगेच पुढचा प्रश्न टाकला: मागच्या खेपेला म्हैस उलटली होती, तेव्हा फलनच झाले नव्हते की होऊन गेले होते? दादा, याचे उत्तर आपणच द्यावे.

प्रतिसाद (दूध व्यवसाय करणारे, सांगली जिल्हा)

दोन्ही होऊ शकते, आणि 21 दिवसांनी दिसलेल्या माजावरून बाहेरून ते ओळखता येत नाही. कधी फलनच होत नाही, कधी फलन होऊन भ्रूण पहिल्या दोन आठवड्यांतच मरतो आणि माजाचे चक्र ठरल्या दिवशी पुन्हा सुरू होते. आमच्या 'उलटणे' या शब्दात दोन्ही कारणे मावतात. त्याला सांगा, म्हशीची नोंदवही ठेव, रेतनाची तारीख लिही आणि पुढच्या माजाची तारीख लिही. माज 21 दिवसांऐवजी 30-35 दिवसांनी आला, तर फलन होऊन भ्रूण काही दिवस टिकला होता अशी शंका घेता येते. अर्थात मधला एखादा माज आपल्या नजरेतून निसटलेलाही असू शकतो, आणि म्हशीचा माज मुका असतो, म्हणजे त्याची लक्षणे ठळक दिसत नाहीत, म्हणून तो बऱ्याचदा निसटतो.