डंप आहे, पण रिस्टोअर होईना

प्रश्न: आमच्या पतसंस्थेचा पोस्टग्रेस डेटाबेस मी सांभाळते. रोज रात्री २ वाजता पीजी_डंप (बॅकअप फाइल, म्हणजे डंप, काढणारा प्रोग्राम) चालतो. काल पहिल्यांदाच तो डंप वेगळ्या मशीनवर रिस्टोअर केला, म्हणजे परत चढवला, तर 'रोल अस्तित्वात नाही' अशा एररची रांगच लागली. रात्रभर झोप नाही. डंप खराब आहे का?

उत्तर: ताई, डंप ठीक आहे. त्यात एकाच डेटाबेसचा माल असतो, रोल, म्हणजे डेटाबेस वापरणाऱ्यांची नावं आणि अधिकार, येत नाहीत. ते पीजी_डंपऑलने, ग्लोबल्स-ओन्ली पर्याय देऊन वेगळे काढा आणि आधी चढवा.

उत्तर: फाइलचा आकारही रोज बघा. जानेवारी २०१७ मध्ये गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेचा डेटा चुकून पुसला गेला, तेव्हा कळलं की डेटाबेस ९.६ आवृत्तीचा आणि पीजी_डंप जुन्या ९.२ चा. त्यामुळे पीजी_डंपचे बॅकअप होतच नव्हते!

प्रश्नकर्ती: रोल चढवले, सगळी खाती आली. ठेवींची बेरीज पैशापर्यंत जुळली. आता दर शनिवारी रिस्टोअर करून बघणार.